अडकलेलं पेमेंट कसं काढायचं, डिलिव्हरी चलनापासून कौन्सिलपर्यंत

कुपवाड एमआयडीसीत आमचं कोरूगेटेड बॉक्सचं छोटं युनिट आहे, बेदाण्याच्या १५ किलोच्या पेट्या, द्राक्षाच्या पेट्या, फौंड्रीवाल्यांचे पार्ट जातात ते पाच प्लायचे जाड बॉक्स, असं सगळं करतो. पेपर मिलला पैसे वेळेत गेले नाहीत की पुढचा रोल येत नाही, पोरांचा पगार ७ तारखेला, जीएसटी २० तारखेला, लाइट बिल आहेच, आणि आपलं पेमेंट मात्र "पुढच्या आठवड्यात बघूया". हे चक्र आमच्या लाइनीतल्या प्रत्येकाला माहिती आहे, मशीन शॉप असो, फॅब्रिकेशन असो नाहीतर मसाला पॅकिंग. गेल्या काही वर्षांत मी स्वतः अडकलेले पैसे बरेच बाहेर काढले, काही कायमचे गेले पण, त्यातून जे शिकलो ते इथं क्रमानं लिहितोय.

आधी एक हिशेब बघा. ४ लाखाचा माल दिला, त्यात आपल्याला सुटतात समजा ६ टक्के, म्हणजे २४ हजार. सीसीचं, म्हणजे बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जाचं व्याज ११ टक्के धरलं तर ४ लाखावर महिन्याला साधारण ३,६६६ रुपये जातात. साडेसहा महिने पैसे अडकले की नफा संपला, पुढं आपण त्या पार्टीला पदरमोड करून माल दिल्यासारखं होतं. शिवाय त्या बिलाचा जीएसटी आपण पुढच्याच महिन्यात खिशातून भरलेला असतो. आणि बँकवाले ९० दिवसाच्या वरची येणी ड्रॉइंग पॉवरला, म्हणजे आपल्याला किती पैसे उचलता येतील त्या हिशेबात, धरत नाहीत, म्हणजे तिकडून पण लिमिट आवळलं जातं. म्हणून "पार्टी चांगली आहे, कुठं जातेय" म्हणून निवांत बसणं परवडत नाही.

पहिलं काम, एक संध्याकाळ बसून यादी काढा

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून आउटस्टँडिंगची, म्हणजे पैसे यायचे राहिलेल्या बिलांची प्रिंट काढायची, बिलवार, नुसता पार्टीवार टोटल नको. मग प्रत्येक बिलापुढं पेनानं लिहायचं की हे का अडकलंय. माझ्या अनुभवात कारणं चारच असतात. एक, कागद अडकलाय. दोन, मालाबद्दल काहीतरी तक्रार आहे पण तोंडानं कुणी सांगत नाही. तीन, पार्टीकडं खरंच पैसा नाही. चार, पैसा आहे पण द्यायची इच्छा नाही, आपल्या पैशावर तो धंदा करतोय. या चारही आजारांना औषध वेगवेगळं आहे आणि आपण सगळ्यांना एकच औषध देतो, फोन करून तगादा. तिथंच चूक होते.

कारण माहिती नसेल तर पुढं प्रश्नचिन्ह टाका. पहिल्यांदा यादी केली तेव्हा माझ्या निम्म्या बिलांपुढं प्रश्नचिन्ह होतं, म्हणजे पाच पाच महिने मी फोन करत होतो पण नक्की काय झालंय ते विचारलंच नव्हतं.

एक गोष्ट सांगतो. मिरजेकडची एक पार्टी, २,८६,००० येणं, पाच महिने झालेले. अकाउंटच्या मॅडम दरवेळी सांगायच्या की साहेबांच्या सहीला आहे. शेवटी मी स्वतः गेलो. मॅडमनी फाइल काढली तर आमचं बिल त्यात नव्हतंच, पासच झालं नव्हतं तर सहीला कुठून जाणार. मग मी स्टोअरला गेलो, तिथल्या पोरानं खिळ्याला अडकवलेली डिलिव्हरी चलनं, म्हणजे मालासोबत जाणारे पोचीचे कागद, चाळली आणि आमचं गुलाबी चलन बाहेर काढलं, त्याच्यावर बॉलपेननं लिहिलेलं, "४० नग कमी". बास. माल कमी दिसला म्हणून त्यानं जीआरएन केला नाही, जीआरएन म्हणजे माल जमा झाल्याची त्यांच्या सिस्टीमची नोंद, ती नाही म्हणून बिल पुढं सरकलं नाही, आणि हे आम्हाला कुणी कळवलंच नाही. आमच्या ड्रायव्हरनं माल उतरायच्या आधीच सही घेतलेली, त्यामुळं आमच्या कॉपीवर काहीच नव्हतं. ४० बॉक्स, २८ रुपये नग, १,१२० रुपये. एवढ्या रकमेसाठी पावणेतीन लाखाच्या वर पैसे पाच महिने खिळ्याला लटकत होते. मी तिथंच उभं राहून युनिटवर फोन केला, क्रेडिट नोट, म्हणजे बिलातून तेवढी रक्कम वजा केल्याचा कागद, करून मेल करायला सांगितली, त्यांनी त्याच दिवशी जीआरएन केला, नवव्या दिवशी आरटीजीएस आला.

तेव्हापासून ठरवलं, ड्रायव्हर माल मोजून उतरल्यावरच सही घेणार, गेटचा इनवर्ड शिक्का आणि नंबर चलनावर पाहिजेच, आणि त्याचा फोटो तिथूनच व्हॉट्सॲपला टाकायचा. बिल दिल्यावर आठव्या दिवशी एक फोन, पैशासाठी नाही, फक्त "जीआरएन झाला का, बिल पास झालं का" एवढंच विचारायला. या एका फोननं आमची अर्धी थकबाकी कमी झाली असं मी छातीवर हात ठेवून सांगतो.

कागद गोळा करा, मगच जोर लावा

कुठल्याही पार्टीशी कडक बोलायच्या आधी तिची फाइल पूर्ण करा. पीओ म्हणजे त्यांची लेखी ऑर्डर, ती नसेल तर ज्या व्हॉट्सॲप मेसेजवर ऑर्डर आली तो, दर ठरल्याचा मेल, बिल, सहीशिक्क्याचं चलन, ई-वे बिल, ट्रान्सपोर्टची पावती, आणि त्यांनी आधी केलेल्या पेमेंटच्या नोंदी. आपण जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं जीएसटी रिटर्न भरलं की ते बिल त्यांच्या २बी मध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या त्यांच्या खरेदीच्या यादीत दिसतं, त्यांनी त्याचं क्रेडिट, म्हणजे त्या टॅक्सची वजावट घेतली असेल तर उद्या "माल मिळालाच नाही" असं म्हणायला तोंड राहत नाही.

लेजर, म्हणजे दोघांच्या वहीतलं एकमेकांचं खातं, जुळवून घ्या. खूपदा आपल्या वहीत ३,४०,००० आणि त्यांच्यात ३,१२,५००, मधले टीडीएस, रेट डिफरन्स, डेबिट नोट, काहीतरी असतंच. आकडा जुळत नाही तोवर समोरच्याला लांबवायला आयतं कारण मिळतं. जो फरक आपला चुकलाय तो लगेच मान्य करा, ताणू नका.

आणि उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योगाची सरकारी नोंदणी. नसेल तर आजच करा, फुकट आहे, आधार आणि पॅनवर होतं, कुणी एजंट पैसे मागत असेल तर देऊ नका. पुढं सांगणार आहे तो ४५ दिवसाचा कायदा उद्यमवर उभा आहे, आणि रजिस्ट्रेशन माल देण्याच्या आधीचं पाहिजे, नंतर घेतलेल्या नंबरावर जुन्या व्यवहाराचा फायदा मागायला गेलात तर समोरचा वकील पहिलं बोट तिथंच ठेवतो. १ एप्रिल २०२५ पासून मर्यादा वाढल्यात, सूक्ष्म म्हणजे यंत्रसामग्रीत अडीच कोटीपर्यंत गुंतवणूक आणि १० कोटीपर्यंत टर्नओव्हर, लघु म्हणजे २५ कोटी आणि १०० कोटी, त्यामुळं आपल्याकडचे बहुतेक कारखानदार यात बसतात. उद्यम नंबर बिलावर छापून घ्या, लेटरहेडवर पण, मेलच्या खाली पण.

फोन कसा करायचा

मालकाला सारखा फोन करू नका, मालकाला तुमचं बिल नंबर माहिती नसतं. पेमेंटची यादी बनवणारं माणूस वेगळं असतं, ते शोधा, आणि त्यांची यादी कुठल्या वारी बनते ते विचारा. बऱ्याच ठिकाणी आठवड्यातून एकदाच पेमेंट सुटतात, त्याच्या आदल्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला फोन पाहिजे. आपण शनिवारी संध्याकाळी चिडून फोन करतो तेव्हा त्यांची यादी होऊन गेलेली असते.

आकडे हातात ठेवून बोलायचं. मी साधारण असं बोलतो.

"नमस्कार मॅडम, कुपवाडवरनं बोलतोय, बॉक्सवाले. आमची तीन बिलं आहेत तुमच्याकडं, ११४, १२९ आणि १३७, मिळून १,८४,६००. तिन्ही पास झालीत का तेवढं सांगता का?"

"दादा, साहेब बाहेरगावी गेलेत, आले की बघतो."

"हो चालेल, साहेब आल्यावरच करूया. फक्त सही राहिलीय का अजून काही राहिलंय ते सांगा, म्हणजे मला काही पाठवायचं असलं तर आजच पाठवतो."

"११४ आणि १२९ पास आहेत, १३७ चं टेस्ट सर्टिफिकेट नाही लावलेलं."

"सर्टिफिकेट अर्ध्या तासात मेल करतो. मग ११४ आणि १२९ या गुरुवारच्या यादीत धरू का?"

बघा, भांडण नाही, आवाज चढला नाही, पण दोन बिलं मोकळी झाली आणि तिसऱ्याचं कारण कळलं. "कधी देताय" असं विचारलं की "बघतो" हेच उत्तर येतं, म्हणून तारीख आपण म्हणायची आणि हो का नाही ते त्यांच्याकडनं घ्यायचं.

फोन झाला की पाच मिनिटात व्हॉट्सॲप नाहीतर मेल: "मॅडम, आत्ता बोलल्याप्रमाणे बिल ११४ व १२९, रक्कम १,२२,४००, गुरुवारच्या पेमेंटमध्ये धरलंय. १३७ चं सर्टिफिकेट जोडलंय. धन्यवाद." यानं समोरच्याला पण आठवण राहते आणि आपल्याकडं लेखी राहतं, पुढं कधी कोर्टाची पाळी आली तर हेच मेसेज कामाला येतात. गुरुवारी पैसे आले तर यूटीआर, म्हणजे बँक व्यवहाराचा नंबर मागून धन्यवाद म्हणा. नाही आले तर शुक्रवारीच फोन, आठवडा जाऊ द्यायचा नाही. तारीख चुकली आणि आपण गप्प बसलो की त्यांना कळतं की या माणसाच्या तारखेला किंमत नाही.

दोन तारखा चुकल्या की स्वतः जायचं. सातारा, शिरवळ, कराड, जिथं असेल तिथं, एसटीनं जा पण जा. सोबत लेजरच्या दोन प्रिंट, चलनाच्या झेरॉक्स. खुर्चीत बसून शांतपणे सांगायचं की मी आज चेक घेऊनच जायचं ठरवून आलोय, सगळे नसतील तर निम्म्याचा द्या. बऱ्याचदा निम्मे मिळतात. आरडाओरडा केला तर त्यांच्या स्टाफसमोर मालकाचा अपमान होतो आणि मग तो पैसे असून देत नाही, हे मी डोळ्यानं बघितलंय.

माल थांबवणं

सगळ्यात जास्त चालणारा उपाय हाच आणि आपण सगळ्यात जास्त घाबरतो यालाच. वाटतं की माल थांबवला तर पार्टी तुटेल, जुने पैसे पण बुडतील. पण जुने पैसे सोडवण्यासाठी नवीन माल देत राहिलं की येणं फुगत जातं, २ लाखाचं ५ होतं आणि मग तो आपला मालक होतो.

आपल्याच सांगली-तासगावच्या बेदाणा मार्केटकडं बघा. दिवाळीच्या तोंडावर तिथं सौदे बंद ठेवतात आणि झिरो पेमेंट करतात, म्हणजे वर्षभरातलं सगळं देणंघेणं पूर्ण करून मगच पुन्हा सौदे सुरू. कोण कितीही मोठा खरेदीदार असो. आमच्या पेट्यांचे पैसे पण त्याच दिवसात येतात, कारण सगळ्या मार्केटलाच सवय लागलीय की खातं शून्य झाल्याशिवाय नवीन माल नाही. जे अख्खं मार्केट करू शकतं ते आपण एका पार्टीपुरतं करूच शकतो.

पद्धत मात्र नीट पाहिजे. अचानक गाडी रोखू नका, त्यांची लाइन थांबली तर ते नुकसान आपल्या बिलातून कापतील. दहा दिवस आधी मेल करा की ९० दिवसाच्या वरची अमुक बिलं क्लिअर झाल्यावर पुढची डिलिव्हरी देतो, चालू ऑर्डर कबूल केल्याप्रमाणे पूर्ण करतोय. मग मधला रस्ता म्हणून एक नियम सुचवा: नवीन जेवढा माल उचलाल तेवढ्या रकमेचं जुनं बिल आधी सोडा, नवीन माल रोखीनं. येणं वाढत नाही, धंदा पण चालू राहतो. त्यांच्या नावाचा छापील माल, म्हणजे ज्याला दुसरं गिऱ्हाईक नाही, तो तर ॲडव्हान्सशिवाय छापायचाच नाही.

ज्याला खरंच अडचण आहे त्याच्याशी वेगळं वागा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापुरात सांगलीतल्या पेठेतली दुकानं पाण्यात होती, गोडाऊनचा माल भिजून लगदा झाला, त्यावेळी चार पार्ट्यांना आम्ही दरमहा हप्ते लावून दिले, व्याज मागितलं नाही, चौघांनीही पूर्ण पैसे दिले आणि आजही त्यातले तीन आमच्याकडंच येतात. पण हप्ता तोंडी नको. त्यांच्या लेटरहेडवर, आजअखेर एवढी रक्कम देणं आहे, अमुक तारखांना एवढे हप्ते, सहीशिक्का, तारीख. शक्य असेल तर प्रत्येक हप्त्याचा पुढच्या तारखेचा चेक.

हा कागद का एवढा महत्त्वाचा ते माझं नुकसान सांगून सांगतो. पुण्याकडच्या एका पार्टीकडं माझे ३ लाख २० हजार होते, माणूस गोड बोलायचा, दर दिवाळीला मिठाई पाठवायचा, फोन कधी टाळला नाही, देतो देतो म्हणत राहिला. वकिलाकडं गेलो तेव्हा त्यांनी एकच विचारलं, शेवटचा लेखी कागद कधीचा आहे? माझ्याकडं नुसते फोन होते. मुदतीचा कायदा तीन वर्षं देतो, पेमेंटची तारीख ठरलेली असेल तर त्या तारखेपासून आणि काहीच ठरलं नसेल तर माल दिल्यापासून, आणि माझी तीन वर्षं होऊन दोन महिने वर गेले होते. तीन वर्षं संपायच्या आत देणं कबूल असल्याचं त्यांच्या सहीचं पत्र मिळालं असतं तर तिथून नवीन तीन वर्षं मोजली गेली असती. म्हणून दरवर्षी ३१ मार्चला सगळ्या पार्ट्यांना बॅलन्स कन्फर्मेशन पाठवा आणि सहीशिक्का करून परत घ्या, टाळत असेल तर तोच धोक्याचा इशारा समजा.

कायद्यानं आपल्या हातात काय दिलंय

हे नीट वाचा, कारण मोठ्या कंपन्यांच्या अकाउंटवाल्यांना हे माहिती असतं आणि आपल्याला नसतं.

एमएसएमईडी, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा, २००६ चा. कलम १५ सांगतं की सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेतला तर लेखी ठरलेल्या तारखेला पैसे द्यायचे, आणि ती मुदत कुठल्याही परिस्थितीत ४५ दिवसाच्या वर असू शकत नाही. पीओवर ९० दिवस किंवा १२० दिवस छापलेलं असलं तरी कायद्यापुढं ४५ च. लेखी काहीच ठरलं नसेल तर १५ दिवस. माल खराब असल्याची तक्रार असेल तर ती १५ दिवसात लेखी करायला पाहिजे, नाहीतर माल स्वीकारला असं धरतात, त्यामुळं आठ महिन्यांनी "क्वालिटी बरोबर नव्हती" म्हणणाऱ्याला हे दाखवा.

कलम १६, उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. बँक रेट ५.७५ धरला तर १७.२५ टक्के होतात, ३ लाखावर वर्षाला साधारण ५६ हजार. आणि भरलेलं हे व्याज त्यांना आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही.

आयकरातलं दुसरं हत्यार १९६१ च्या आयकर कायद्याचं कलम ४३बी(एच), २०२३ च्या फायनान्स ॲक्टनं आलं आणि १ एप्रिल २०२४ पासून लागू झालं. सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल या १५ किंवा ४५ दिवसाच्या मुदतीत दिलं नाही आणि ३१ मार्चपर्यंतही दिलं नाही, तर त्या वर्षी त्यांना तो खर्च धरता येत नाही, नफा वाढतो, टॅक्स भरावा लागतो. म्हणून याचा मेल फेब्रुवारीत पाठवायचा, मार्चमध्ये त्यांचे सीए स्वतःच त्यांच्या मागं लागतात. मी चार ओळी लिहितो, आमचं उद्यम सर्टिफिकेट जोडलंय, आम्ही सूक्ष्म उत्पादक आहोत, सोबतच्या यादीतली बिलं मुदतीच्या बाहेर गेलीत, वर्षअखेरीआधी पेमेंट करून दोघांची सोय बघावी. धमकीचा एक शब्द नाही.

जीएसटीचं पण आहे, बिलाच्या तारखेपासून १८० दिवसात पैसे दिले नाहीत तर त्यांना घेतलेलं क्रेडिट व्याजासकट परत करावं लागतं. १५० व्या दिवशी याची आठवण करून देणारा मेल खूप काम करतो. समोर कंपनी असेल तर ४५ दिवसाच्या वरची आपली देणी त्यांना दर सहामाहीला एमएसएमई फॉर्म १ मध्ये सरकारला कळवावी लागतात, एप्रिल ते सप्टेंबरची ३१ ऑक्टोबरपर्यंत आणि ऑक्टोबर ते मार्चची ३० एप्रिलपर्यंत, तेव्हा त्या महिन्यांत आपला नंबर त्यांच्या यादीत आहे का ते विचारा.

एक लक्षात ठेवा, नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला उद्यम मिळतं पण ते बँकेच्या प्राधान्य कर्जापुरतं, ४५ दिवसाचं संरक्षण त्याला नाही. मध्यम उद्योगालाही नाही. त्यांनी पुढचा चेकचा आणि दाव्याचा भाग बघावा.

तरी दिले नाहीत तर

आधी वकिलाची नोटीस, स्पीड पोस्टानं पोचपावतीसह आणि मेलवर पण. बिलवार यादी, व्याजाचा तक्ता, १५ दिवसाची मुदत. बरेचजण इथंच फोन करतात आणि तडजोडीला येतात.

त्यानंतर ऑनलाइन अर्ज. त्यासाठी केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०१७ मध्ये समाधान पोर्टल सुरू केलं होतं, जून २०२५ मध्ये एमएसएमई ओडीआर पोर्टल आलं, नवीन अर्ज आता तिथं करायचा. उद्यम नंबर टाकून पार्टीची माहिती, पीओ आणि बिलं अपलोड करायची, अर्ज राज्याच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडं, म्हणजे अशा थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडं जातो. भरताना पार्टीचं नाव, पॅन, पत्ता अगदी बरोबर टाका, प्रोप्रायटर असेल तर मालकाचं नाव पण. कौन्सिल आधी समेट करायला बघतं, नाही झाला तर लवाद म्हणून निकाल देतं. कायद्यात ९० दिवस लिहिलेत, प्रत्यक्षात जास्त लागतात, धीर धरायला लागतो. पण दोन फायदे मोठे आहेत. पार्टी चेन्नईची असो नाहीतर दिल्लीची, प्रकरण आपण जिथं आहोत तिथल्या कौन्सिलपुढं चालतं. आणि निकाल आपल्या बाजूनं लागल्यावर त्यांना कोर्टात जाऊन तो फिरवायचा असेल तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. सरकारी खात्याकडं, महामंडळाकडं अडकलेल्या पैशाला पण हाच रस्ता. अर्जाचं काही अडलं तर जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन विचारा, मला तिथं नीट समजावून सांगितलं होतं.

चेक बाउन्स झाला असेल तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचं, म्हणजे चेकच्या कायद्याचं कलम १३८, आणि इथं दिवस मोजणं म्हणजे सगळं आहे. चेक तारखेपासून तीन महिन्याच्या आत बँकेत टाकायचा. परत आल्याचं कळल्यापासून ३० दिवसाच्या आत लेखी नोटीस. नोटीस त्यांना मिळाल्यापासून १५ दिवस पैसे भरायला. ते संपले की एक महिन्याच्या आत कोर्टात तक्रार. एक दिवस पण इकडं तिकडं करू नका, बँकेचा रिटर्न मेमो ज्या दिवशी हातात आला ती तारीख त्याच्यावरच लिहून ठेवा. आपलं खातं ज्या शाखेत आहे तिथलं कोर्ट चालतं, त्यामुळं पार्टी बाहेरची असली तरी आम्हाला विजयनगरच्या कोर्टात करता येतं. शिक्षा दोन वर्षापर्यंत किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, म्हणून चेक दिलेला माणूस सहसा मिटवायला येतो, लोक अदालतीत तर अशी खूप प्रकरणं मिटतात.

चेक नाही आणि उद्यमचा पण फायदा नाही, तर दिवाणी दावा, कागद पक्के असतील तर समरी सूट, म्हणजे झटपट चालणारा दावा. ३ लाखाच्या वरच्या व्यापारी वादात दाव्याआधी मध्यस्थीला जावं लागतं, तिथंच मिटलं तर उत्तम. दिवाळखोरी कायद्याची भीती घालायचा सल्ला कुणी देईल, पण मार्च २०२० पासून त्याची मर्यादा १ कोटी आहे, आपल्या पाच-दहा लाखाला त्याचा उपयोग नाही.

वसुलीला पोरं पाठवणं, स्टेटसला पार्टीचं नाव टाकणं, त्यांच्या गोडाऊनमधून माल उचलून आणणं, हे कृपा करून करू नका. पैसे आपले आणि गुन्हा पण आपल्यावर, असं होऊन बसतं.

उलट समोर चांगली मोठी कंपनी असेल, पैसे नक्की येणार पण सवयीनं उशिरा येणार, तर भांडणापेक्षा ट्रेड्सचा विचार करा. आरएक्सआयएल, एमवन एक्सचेंज, इनव्हॉइसमार्ट हे असे प्लॅटफॉर्म आहेत, कंपनीनं आपलं बिल तिथं मान्य केलं की बँक आपल्याला थोडं व्याज कापून लगेच पैसे देते, कंपनीनं दिले नाहीत म्हणून आपल्या मागं येत नाही. २५० कोटीच्या वर टर्नओव्हर असलेल्या कंपन्यांना त्यावर नोंदणी सक्तीची केलीय, तर पर्चेसवाल्या साहेबांना सरळ विचारा की तुम्ही ट्रेड्सवर आहात का.

शेवटी पैसे आल्यावरचं. पूर्ण पेमेंट झालं की मालकाला स्वतः फोन करून आभार मानायचे, मागचं काही काढायचं नाही. पुन्हा ऑर्डर आली तर घ्यायची, पण आधी जेवढी उधारी होती त्याच्या निम्मं लिमिट टाकून, ३० दिवस, पीओवर लिहून घेऊन, आणि टॅलीत त्या पार्टीला क्रेडिट लिमिट लावून ठेवायचं म्हणजे लिमिटच्या वर बिल करताना पोराला स्क्रीनवरच कळतं. आमच्या मिरजेच्या त्या पार्टीला आता आम्ही असंच देतो. स्टोअरचा पोरगा माल उतरला की चलनावर शिक्का मारून फोटो स्वतःच पाठवतो, आणि नग कमी असले तर त्याच मेसेजखाली लिहितो.